पडदा सुटतो तेव्हा : वाट पाहण्याच्या सवयीचा इतिहास

सुरुवातीलाच सांगून टाकतो, आम्ही डोळ्यांचे डॉक्टर नाही. इतिहास शिकवण्यात आमची हयात गेली. मग हा विषय आमच्याकडे कसा आला? तर आमच्या घरातला एक डोळा गेला. तो का गेला हे विचारत गेलो, आणि निम्मं उत्तर दवाखान्यात मिळालं, निम्मं इतिहासात.

आमचे एक काका सेलू तालुक्यात राहतात. नाव सांगत नाही, ते हे व्याख्यान ऐकतील. वय साठीच्या पुढचं, लहानपणापासून जाड भिंगाचा, उणे नंबरचा चष्मा. काही वर्षांपूर्वी दिवाळीनंतर कापूस वेचणी चालू असताना त्यांना एका संध्याकाळी उजव्या डोळ्यापुढे चिलटं उडताना दिसायला लागली. हातानं वारली तरी जाईनात. रात्री दिवा मालवला की डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखं व्हायचं. काकू म्हणाल्या, परभणीला दाखवून या. काका म्हणाले, "कापूस घरी येऊ दे, मग बघू की." चार-पाच दिवसांनी त्या डोळ्यात एका बाजूनं काळी सावली चढायला लागली. दुखत नव्हतं, डोळा लाल नव्हता, पाणी गळत नव्हतं. म्हणून कुणी घाबरलं नाही. औषधाच्या दुकानातून थेंब आणले. मोतीबिंदू असेल, पिकला की शिबिरात काढून घेऊ, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. त्या सगळ्यांत आम्हीही होतो.

सात आठवड्यांनी शिबिरातल्या डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारून पाहिली आणि म्हणाले, "बाबा, हा मोतीबिंदू नाही. पडदा सुटलाय. इतके दिवस कुठं होता?" पुढे मोठ्या शहरात शस्त्रक्रिया झाली, पडदा जागेवर बसला, पण नजर काही आली नाही. त्या डोळ्याला आज समोर हलवलेला हात तेवढा कळतो.

"इतके दिवस कुठं होता?" हा प्रश्न आमच्या डोक्यातून गेला नाही. काका आळशी नाहीत, अडाणी तर नाहीतच. डोळ्याच्या आजारात काय करायचं असतं, असं आपल्या भागात पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं, तेच त्यांनी केलं. ते थांबले. आजचा विषय हे थांबणं आहे.

आधी हा आजार काय आहे ते साध्या शब्दांत पाहू. डोळ्याच्या आतल्या मागच्या भिंतीला एक पातळ पडदा असतो. त्याला दृष्टिपटल म्हणतात, डॉक्टर रेटिना म्हणतात. प्रकाश या पडद्यावर पडतो आणि तिथून संदेश मेंदूकडे जातो. डोळ्याची पोकळी एका जेलीसारख्या पदार्थानं भरलेली असते. वय वाढलं की ही जेली पातळ होते, आक्रसते आणि पडद्यापासून मोकळी होते. बहुतेकांच्या बाबतीत हे निमूटपणे होतं. काहींच्या बाबतीत मात्र जेली सुटताना पडद्याला ओढते, आणि पडदा एखाद्या ठिकाणी फाटतो. त्या भोकातून पातळ झालेलं पाणी पडद्याच्या मागे शिरतं, आणि भिंतीला ओल आली की रंगाचा पापुद्रा सुटतो तसा पडदा सुटत जातो. पडद्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशींचं पोषण मागच्या थरातल्या रक्तवाहिन्यांतून होतं. पडदा सुटला की त्यांची उपासमार सुरू होते. पडद्याच्या मध्यभागी पीतबिंदू असतो. वाचणं, चेहरा ओळखणं, सुईत दोरा ओवणं ही कामं तिथे चालतात. पीतबिंदू अजून चिकटलेला असेल तर डॉक्टर एक दिवसही दवडू नका म्हणतात. तो सुटला असेल तर साधारण आठवड्याच्या आत शस्त्रक्रिया झालेली बरी. त्यानंतर जसजसे दिवस जातात तसतशी परत येणारी नजर कमी होत जाते.

आणि दुखत नाही. पडद्याला वेदनेच्या नसाच नाहीत. आपली भाषा इथे थोडी फसवते बघा. डोळ्यांपुढे काजवे चमकले, असं आपण फटका बसला की म्हणतो. या आजारात फटका नसतानाच काजवे चमकतात, कारण जेली पडद्याला ओढते आणि पडद्याला कोणतीही ओढ प्रकाशासारखीच कळते.

हे दिसणं नवीन नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात तिमिर नावाच्या विकाराचं वर्णन आहे. रोग्याला माश्या, चिलटं, केस, जाळी दिसते, असं तिथे सांगितलंय. काकांनी वापरलेला शब्दही चिलटंच होता! पण सावध राहायला हवं. सुश्रुतांचं 'पटल' म्हणजे आजचं दृष्टिपटल नव्हे. डोळ्याच्या आत जिवंतपणी डोकावण्याचं साधन तेव्हा जगात कुणाकडेच नव्हतं. नाव आपण तिथून घेतलं, अर्थ नंतर भरला.

सुश्रुतांच्या ग्रंथातून जे खरोखर चालत आलं ते मोतीबिंदूचं काम. शलाकेनं, म्हणजे सुईसारख्या हत्यारानं, गढूळ झालेलं भिंग नजरेच्या वाटेतून बाजूला ढकलायचं. हे काम करणारे फिरते वैद्य गावोगाव जात आणि पुढच्या गावी निघून जात. मद्रासच्या सरकारी नेत्र रुग्णालयाचे प्रमुख राहिलेले रॉबर्ट हेन्री इलियट यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात या पद्धतीवर अख्खं पुस्तक लिहिलं, कारण तिच्यामुळे बिघडलेले डोळे त्यांच्याकडे सतत येत होते.

युरोपात अठराव्या शतकाच्या मध्यावर झाक दाव्हिएल यांनी भिंग ढकलण्याऐवजी बाहेर काढायला सुरुवात केली. त्या पद्धतीत एक अडचण होती. कच्चा मोतीबिंदू काढायला गेलं की त्याचा चिकट भाग आत राहून जायचा. पिकलेला मात्र सुटसुटीत निघायचा. म्हणून डॉक्टरच सांगायचे, थांबा, पिकू द्या. मंडळी, हे नीट लक्षात घ्या. 'मोतीबिंदू पिकू द्या' ही खेड्यातली अंधश्रद्धा नव्हती. तो शस्त्रक्रियेचा नियम होता. शेतकऱ्याला तो लगेच पटला, कारण शब्द त्याच्याच शिवारातला. पुढे १९६७ मध्ये चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी भिंग फोडून शोषून घेण्याची रीत आणली. ती रुळली तशी पिकण्याची गरज संपली. नियम गेला, सवय राहिली. तिच्यात थंडीची भर पडली. ऑपरेशन उन्हाळ्यात नको, पावसाळ्यात नको, दिवाळीनंतर बघू. कोणत्याही नेत्रशिबिरात म्हाताऱ्या माणसांशी बोलून बघा.

आता दुसऱ्या धाग्याकडे येऊ. १८५१ पर्यंत सुटलेला पडदा म्हणजे नेमकं काय, हे जगातल्या कोणत्याही डॉक्टरला जिवंत डोळ्यात नीट पाहता येत नव्हतं. डोळा वरून निरोगी आणि नजर मात्र गेलेली. अशा आजारात रोग्याला काही दिसत नाही आणि वैद्यालाही काही दिसत नाही, अशी थट्टा युरोपात चाले. त्या वर्षी हेल्महोल्ट्झ यांनी ऑप्थॅल्मोस्कोप जगापुढे मांडला आणि बाहुलीतून आतला पडदा दिसायला लागला. दिसला, पण इलाज सापडला नाही. पुढची सत्तर वर्षं उपाय काय होता? दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून अंधाऱ्या खोलीत आठवडेच्या आठवडे उताणं झोपवून ठेवणं. १९१२ साली अमेरिकेतल्या डेरिक व्हेल यांनी आपल्या समव्यावसायिकांकडे चौकशी केली, तेव्हा बरं होण्याचं प्रमाण हजारात एक निघालं.

आता तो काळ परभणीहून पाहा. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात. मनमाड–सिकंदराबाद रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झालेली. पडदा सुटलेल्या एखाद्या माणसानं गाडी पकडून हैदराबाद गाठलं असतं, तिथून मुंबईला सर कावसजी जहांगीर नेत्र रुग्णालयात गेला असता, अगदी बोटीनं पॅरिसला गेला असता, तरी काही फरक पडला नसता. या एका आजारापुरतं परभणी आणि पॅरिस अगदी बरोबरीत होते. अशी बरोबरी इतिहासात क्वचित सापडते, आणि सापडते ती अशी, दोघांकडेही काही नसल्याची.

ती बरोबरी मोडली स्वित्झर्लंडमधल्या लोझान गावच्या एका डॉक्टरांनी. झ्यूल गोनँ, जन्म १८७०. त्यांचं म्हणणं साधं होतं. पडदा सुटतो कारण तो आधी फाटतो, तेव्हा भोक शोधा आणि बंद करा. सायकलच्या पंक्चरवाल्याला यात नवल वाटणार नाही. तो ट्यूब पाण्यात बुडवतो, बुडबुडा कुठून येतो ते बघतो आणि मगच ठिगळ लावतो. पण त्या काळचे मोठमोठे नेत्रतज्ज्ञ भोकाला कारण मानायलाच तयार नव्हते. ते म्हणत, भोक हा परिणाम आहे. गोनँ तासन्‌तास पडद्याचं चित्र काढत बसत, भोक नेमकं कुठे ते मोजत, मग डोळ्याच्या बाहेरून त्या जागी तापलेलं टोक टेकवून भोक डागून बंद करत. १९२० च्या सुमारास त्यांनी आपले निकाल मांडायला सुरुवात केली. १९२९ मध्ये ॲमस्टरडॅमच्या आंतरराष्ट्रीय नेत्र परिषदेत जगानं ते मान्य केले. सहा वर्षांनी गोनँ वारले.

आमच्या मते या आजाराच्या इतिहासाचे दोन भाग पडतात, १९२९ च्या आधीचा आणि नंतरचा. आधी डोळा जायचा तो नशिबानं. नंतर डोळा जायला लागला तो अंतरामुळे आणि उशिरामुळे. इलाज जगात आहे आणि आपल्यापर्यंत पोहोचलेला नाही, ही अवस्था त्या वर्षी सुरू झाली. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आलं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि त्याच वर्षी औरंगाबादला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघालं. १९७४ मध्ये अंबाजोगाईचं, १९८८ मध्ये नांदेडचं, २००२ मध्ये लातूरचं. परभणीचा नंबर लागला २०२३ मध्ये. चौऱ्याण्णव वर्षं. हा हिशोब कुणावर ठपका ठेवायला मांडत नाही, पण तो मांडलाच पाहिजे.

जगात दरम्यान बरंच घडत होतं, ते भराभर सांगतो. जर्मनीत मायर-श्विकराथ नावाच्या तरुण डॉक्टरांनी १९४५ च्या सूर्यग्रहणात नुसत्या डोळ्यांनी सूर्य पाहून पडदा भाजलेला विद्यार्थी पाहिला. त्यांच्या मनात आलं, सूर्य पडद्यावर डाग पाडतो, तर आपण हव्या त्या जागी डाग पाडून पडदा चिकटवू शकू का? त्यांनी आरशांनी खरोखरच सूर्याचा किरण रुग्णाच्या डोळ्यात सोडला. आजच्या लेझरचा हा आजोबा. दुसरे चार्ल्स शेपेन्स, बेल्जियमचे. महायुद्धात नाव बदलून फ्रान्सच्या सीमेवर लाकडाची गिरणी चालवली आणि तिच्या आडून माणसं स्पेनला पार केली. युद्धानंतर ते बॉस्टनला गेले. डोक्यावर बांधायचं, दोन्ही डोळ्यांनी पडद्याचा काठापर्यंतचा भाग पाहायचं यंत्र त्यांनी घडवलं. डोळ्याच्या डॉक्टरांच्या कपाळावर दिवा दिसतो ना, तो. १९७० मध्ये मायामीत रॉबर्ट माखेमर यांनी बारीक छिद्रातून आतली जेलीच काढून टाकण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. शेपेन्स यांच्याकडे शिकून आलेले डॉ. एस. एस. बद्रिनाथ यांनी १९७८ मध्ये चेन्नईत शंकर नेत्रालय उभं केलं. १९८७ मध्ये हैदराबादला एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था निघाली. म्हणजे निजामाच्या काळातली आपली जुनी राजधानी पुन्हा एकदा आपल्या वाटेवर आली. पडद्याच्या कामासाठी मराठवाड्यातली माणसं आजही तिकडची गाडी धरतात.

आणि आपल्या गावात याच काळात काय पोहोचलं? मोतीबिंदूचं शिबिर. १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९८६ ते ८९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशातल्या अंधत्वापैकी सुमारे ८० टक्के मोतीबिंदूमुळे असल्याचं दिसलं. तेव्हा सगळा जोर मोतीबिंदूवर देणं बरोबरच होतं. १९९४ पासून जागतिक बँकेच्या मदतीचा मोतीबिंदू प्रकल्प सात राज्यांत झाला, त्यात महाराष्ट्र होता. मराठवाड्याच्याच मातीतले, लातूर जिल्ह्यातले डॉ. तात्याराव लहाने यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केलेलं मोतीबिंदूचं काम तुम्ही जाणताच. या कामानं लाखो माणसं पुन्हा चालती-फिरती झाली. त्याविषयी वाकडा शब्द काढायला आमची जीभ धजणार नाही.

पण इतिहास सांगायचा तर त्याची दुसरी बाजूही सांगावी लागते. शिबिरानं दृष्टी दिली आणि एक वेळापत्रकही दिलं. डोळ्याचा आजार म्हणजे हळूहळू येणारा, न दुखणारा, नाव नोंदवून ठेवायचा आणि गाडी न्यायला आली की जायचं असा. मोतीबिंदूला हे अगदी लागू. पडदा सुटण्याला यातलं फक्त 'न दुखणारा' एवढंच लागू.

दुसरी गोष्ट जास्त बोचणारी आहे. जुन्या शिबिरांत भिंग त्याच्या पिशवीसकट काढत आणि त्याजागी काही बसवत नसत. म्हातारी माणसं मग अधिक नंबरचा फुगीर काचांचा चष्मा लावायची. आपल्या आजी-आजोबांचे फोटो आठवा. पिशवी गेली की आतल्या जेलीला पुढून आधार राहत नाही, ती पुढे सरकते, पडद्याला ओढ बसते. अशा शस्त्रक्रियेनंतर पडदा सुटण्याचा धोका वाढतो, हे नेत्रवैद्यकात पक्कं ठरलेलं आहे. आता पिशवी ठेवून भिंग बसवतात, धोका पुष्कळ कमी झाला, पण शून्य झालेला नाही. तेव्हा विचार करा. एखाद्या आजीचं शिबिरात ऑपरेशन झालं, वर्ष-दोन वर्षं छान दिसलं, मग एके दिवशी सावली आली. घरचे काय म्हणाले असतील? "ऑपरेशन टिकलं नाही." किंवा, "वय झालं आता." शिबिर केव्हाच उठून गेलेलं. अशा डोळ्यांची गणती कुठल्या वहीत झाली असेल?

(सभागृहातून प्रश्न : मोबाईल बघून पडदा सुटतो का?)

ताई, मोबाईल बघितला म्हणून पडदा फाटत नाही. मोठा उणे नंबर असेल तर डोळा लांबट असतो, पडदा ताणलेला आणि काठाला पातळ असतो, म्हणून धोका जास्त. मुलांचे नंबर वाढतायत, त्या वाटेनं तुमची काळजी खरी आहे. बाकी धोका कुणाला? डोळ्याला मार बसलेल्यांना, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांना, घरात कुणाचा पडदा सुटला असेल त्यांना, आणि एका डोळ्याचा सुटला असेल त्याच्या दुसऱ्या डोळ्याला.

जगभरात ढोबळ मानानं दर दहा हजार माणसांत वर्षाला एकाचा पडदा असा सुटतो असं धरतात. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार होती. भागाकार तुम्हीच करा. आकडा लहान आहे, म्हणूनच गावात कुणाला माहीत नसतं. मोतीबिंदू झालेला शेजारी प्रत्येकाला असतो. पडदा सुटलेला शेजारी नसतो, आणि असला तर तो 'मोतीबिंदू बिघडलेला' म्हणून ओळखला जातो.

आपल्याकडे म्हण आहे, बनी तो बनी, नहीं तो परभणी. कुठं नाहीच जमलं तर परभणी आहेच सांभाळायला. आम्हाला ही म्हण फार आवडते. पण या आजारात ती उलटी लागू पडते. बनतंय का बघू म्हणत परभणीत थांबलं, की काही बनत नाही. अचानक नवे काळे ठिपके, काजवे, कडेनं चढणारी सावली, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं, आणि बाहुली मोठी करून पडदा तपासा असं स्पष्ट म्हणायचं. नुसतं भोक असेल, पडदा सुटला नसेल, तर लेझरनं बाह्यरुग्ण विभागातच काम होतं. सुटला असेल तर शस्त्रक्रिया. डोळ्यात वायू भरला तर दिवसचे दिवस पालथं झोपावं लागतं आणि वायू विरेपर्यंत विमानात बसायचं नसतं. सिलिकॉनचं तेल भरलं तर ते काढायला पुन्हा जावं लागतं. ते अनेकजण टाळतात, टाळू नये. खर्चाचं विचाराल, तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. घरी बसून अंदाज बांधू नका.

ब्रिटनचे पंतप्रधान झालेले गॉर्डन ब्राऊन सोळाव्या वर्षी रग्बी खेळताना लागल्यामुळे डाव्या डोळ्याला मुकले. शस्त्रक्रिया झाल्या, आठवडेच्या आठवडे अंधारात पडून राहिले, उपयोग झाला नाही. पुढे उजव्या डोळ्यालाही तसंच व्हायला लागलं तेव्हा ते थांबले नाहीत. एडिंबराच्या डॉ. हेक्टर चावला यांनी तो डोळा वाचवला.

आमच्या काकांचा दुसरा डोळाही त्या शहरातल्या डॉक्टरांनी तपासला होता. काठाला पडदा विरलेला होता, एक बारीक भोकही होतं. लेझरनं आजूबाजूला डागलं आणि त्याच रात्रीच्या गाडीनं ते परत आले. तेव्हापासून रोज सकाळी ते अधू डोळा हातानं झाकतात आणि भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघतात. चारही कोपरे दिसतात का, तारखा सरळ आहेत का. काकू म्हणतात, एवढ्या भक्तीनं कधी देवाकडे नाही पाहिलं.

मागच्या वर्षी सोयाबीन काढणीच्या दिवसांत रात्री नऊला त्यांचा फोन आला. "चमकतंय रे." मळणीयंत्र दुसऱ्या दिवशी सकाळी यायचं होतं. ते काम भावाच्या मुलावर टाकून ते रात्रीच निघाले. सकाळी डॉक्टरांनी बाहुली मोठी करून पाऊण तास पाहिलं. जेली थोडी आणखी सुटली होती, पडदा शाबूत होता. तीन आठवड्यांनी पुन्हा दाखवा म्हणाले. परतताना काका गाडीत गप्प होते. परभणी स्टेशनवर उतरल्यावर म्हणाले, भाडं फुकट गेलं, आणि तीन आठवड्यांनंतरच्या तिकिटाचं काय ते बघायला खिडकीकडे गेले.